वसतिगृहाच्या अंगणातील पारिजातक

बालाघाटाच्या मुरमाड भूमीत पारिजातक उन्हाळ्यात पाने गाळून ओल राखतो. असे एक निष्पर्ण झाड वाळले समजून आम्ही उपटले होते. नखाने साल खरवडून पाहिली असती तर आत हिरवेपणा दिसला असता!

याच्या चपट्या फळात दोन बिया असतात. त्या पावसाळ्याच्या आरंभी निचऱ्याच्या मातीत पेराव्यात. बुंध्याशी पाणी साचू देऊ नये; मात्र पहिले दोन उन्हाळे भांडी विसळलेले पाणी अवश्य घालावे. फुलांच्या केशरी देठांपासून निघणाऱ्या रंगात पूर्वी भिक्खूंची चीवरेही रंगवीत.

दसऱ्यानंतर आईवडील ऊसतोडीस निघतात, तेव्हा अंगणात पहाटे फुलांचा सडा असतो. ते परततात तेव्हा फांद्या उघड्या असतात. पालकांनी तेवढ्यावरून झाड तोडण्याचा सल्ला देऊ नये, ही विनंती.