वृद्धाश्रमांतील नाट्यप्रयोग

म्हातारपण म्हणजे दुसरें बालपण, असें आपण सहज म्हणून जातों. परंतु या दोन बालपणांना विचारले जाणारे प्रश्न मात्र फार निराळे. बाळापुढें चित्र धरून आपण म्हणतों, "सांग बरें, ही चिमणी कोठें निघाली?" विस्मृतीनें ग्रासलेल्या आजोबांना मात्र "मी कोण? आज वार कोणता? नातवाचें नांव काय?" अशी नित्य तोंडी परीक्षा! आणि रोज नापास होणारा अखेर तोंडच उघडीत नाहीं, हें शाळामास्तरांना कोणीं सांगावयास नको.

अमेरिकेंतील मिल्वॉकी शहरीं अॅन बास्टिंग नांवाच्या नाट्यशास्त्राच्या विदुषी आहेत. १९९० नंतरच्या दशकांत त्या एका शुश्रूषागृहांतील स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांकडून नाट्यखेळ करून घेण्याच्या खटपटींत होत्या. जुन्या आठवणींची विचारपूस करून पाहिली, कोणी बोलेना. शेवटीं त्यांनीं मासिकांतील सिगारेटच्या जाहिरातीचें पान फाडून आणलें. त्यावर एका गुराख्याचें चित्र होतें. "याचें नांव काय ठेवूं या?" असें विचारतांच उत्तर आलें! मग प्रश्नामागून प्रश्न. जें उत्तर येईल तें जसेंच्या तसें लिहून घ्यावयाचें, विसंगत वाटलें तरी खोडावयाचें नाहीं. पाहतां पाहतां गोष्ट उभी राहिली. याच रीतीला पुढें 'टाइमस्लिप्स' हें नांव पडलें. २००९ सालीं वीस शुश्रूषागृहांची तुलना प्रसिद्ध झाली. जेथें ही रीत चालू होती तेथील वृद्ध अधिक सावध दिसलेच. पण सेवकवर्गहि त्यांच्याशीं अधिक बोलूं लागला होता व त्यांना कमी लेखीनासा झाला होता. आम्हांस हा दुसरा लाभच मोठा वाटतो. ज्याला आपण केवळ घांस भरवितों त्याला कांहीं सुचतें, हें एकदां दिसलें कीं भरविणारा हातहि बदलतो.

पुढें २०११ सालीं तेथील 'लूथर मॅनर' या वृद्धनिवासांत 'फाइंडिंग पिनेलोपी' हें नाटक झालें. पिनेलोपी ही होमरच्या महाकाव्यांतील नायिका. पति वीस वर्षें परागंदा. ही दिवसा वस्त्र विणी व रात्रीं उसवी. आपल्याकडील ऊर्मिलेची ही सखीच म्हणावयाची! वाट पाहण्यांत ज्यांचे दिवस जातात त्यांना याहून जवळचें कथानक कोणतें मिळणार? निवासी वृद्ध, सेवक, विद्यार्थी व धंदेवाईक नट असे सारे त्यांत उतरले. रंगमंच वेगळा नव्हताच. प्रेक्षकच त्या इमारतींत एका जागेहून दुसऱ्या जागीं हिंडत. ज्या दालनांकडे एरवीं पाहुणे फिरकत नाहींत, तेथें लोक नाटक पाहावयास आले! २०१६ सालीं बास्टिंगबाईंना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

आपल्या घरीं नाटक नको. जुन्या कॅलेंडरावरील एखादें चित्र पुरे, आणि लिहून घेण्यास नातवंडें आहेतच. चित्र मात्र घरच्या माणसांचें नसावें. लग्नांतला फोटो पुढें केला कीं "हा कोण, ओळखलेंत का?" सुरू झालेंच!