आधी कोबा वाळू द्या!

हल्ली तालुक्याच्या गावांतही निदान एका खोलीला लाकडी फ्लोअरिंग हवं, अशी हौस दिसते. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण सागाच्या पट्ट्यांना असतं ना! म्हणून मैत्रिणींनो, पट्ट्या गोंदाने चिकटवण्याआधी खालचा कोबा बघा.

वास्तुशांतीची तारीख ठरली की सगळ्यांनाच घाई. "वहिनी, 28 दिवस झाले की, आता काय!" असं मिस्त्री म्हणतो. अहो, 28 दिवसांत काँक्रीट मजबूत होतं, पूर्ण वाळत नाही. वाळायला इंचाला एक महिना असा ठोकताळा आहे, पावसाळ्यात त्याहून जास्त. वास्तुशांत काय, कोब्यावर सतरंज्या घालूनही होते! आतली ओल मात्र हळूहळू वर येते, लाकूड फुगतं, पट्ट्यांच्या कडा उचलतात.

दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने कोब्यावर घट्ट बसवा. दुसऱ्या दिवशी काढल्यावर आत दव किंवा खाली काळसर डाग दिसला, तर काम थांबवायचं. डाग नसला तरी ओल मीटरने मोजून घ्या. तळमजल्यावर आणि न्हाणीघराच्या भिंतीलगत तर नक्कीच.

मग सपाटी. 10 फुटांत 5 मिलिमीटरहून जास्त उंचसखल नको. उंचवटे घासायचे, खड्डे भरायचे. रंग, तेल खरवडून काढायचं, नाहीतर गोंद धरत नाही. पाण्याचे चार थेंब टाका. मोत्यासारखे तसेच राहिले, तर वर कसला तरी थर आहे समजा. धूळ मात्र नुसत्या झाडूने जात नाही, व्हॅक्यूम क्लीनरच हवा.