गॅस गिझर आणि न्हाणीघरातली हवा

गॅस गिझरची देखभाल म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेक जण सेल बदलणे आणि पाण्याची जाळी धुणे एवढेच सांगतात. पाणी गरम येते आहे ना, मग गिझर ठीक आहे, असा समज असतो. परंतु पाणी व गॅस यांच्याखेरीज गिझरला तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे हवा. तिच्याकडे कोणी पाहत नाही.

थोडे गणित करू. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंश सेल्सिअसने तापवायला 150 किलोकॅलरी उष्णता लागते. वाया जाणारी उष्णता धरली तर त्यासाठी मिनिटाला सुमारे 17 ग्रॅम, म्हणजेच जवळपास 8 लिटर गॅस जळतो. हा गॅस मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असतो. एक लिटर ब्यूटेनच्या पूर्ण ज्वलनाला साडेसहा लिटर ऑक्सिजन, म्हणजे सुमारे 31 लिटर हवा लागते; प्रोपेनला 24 लिटर. (समीकरणे विद्यार्थ्यांकडून संतुलित करून घ्यावीत.) म्हणजे गिझर मिनिटाला दोनशे ते अडीचशे लिटर हवा वापरतो. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात हवा असते 5,400 लिटर. थंडी म्हणून झरोका बंद केला, दाराखालची फट कापडाने बुजवली, तर पाच मिनिटांतच ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 17 टक्क्यांच्या आसपास उतरतो. मग ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. गॅसगळतीचा जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. ज्योतीत तो जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडची घनता हवेइतकीच असल्याने तो खाली बसत नाही, सर्वत्र मिसळतो. हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. हवेत तो 0.1 टक्का असेल, तर ऑक्सिजन त्याच्या 210 पट असतो. म्हणजे सामना बरोबरीचा! अशा हवेत पुरेसा वेळ राहिल्यास निम्मे हिमोग्लोबिन निकामी होते. डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात, आणि कडी काढण्याचे बळ उरत नाही.

आता देखभाल. निळी ज्योत पिवळी दिसू लागली की गिझर वापरणे थांबवावे. बर्नरच्या छिद्रांत धूळ, कोळ्याची जाळी अडकली की हवा नीट मिसळत नाही आणि काजळी धरते. ही काजळी वरच्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये बसून जळलेल्या वायूंची वाट अडवते, त्यामुळे काजळी आणखी वाढते. हे दुष्टचक्र वर्षातून एकदा कारागिराकडून सफाई करून घेतल्याने तुटते. एक्झॉस्ट पंखा लावून निश्चिंत होणारे पुष्कळ भेटतात; पण बाहेरची हवा आत यायला वाटच नसेल, तर तो पंखा धुराड्यातले वायू उलट आत खेचतो. गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवून आत फक्त नळ आणणे, हा मला पटणारा एकच उपाय आहे.

कोणी आत बेशुद्ध पडलेच तर दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावे. साध्या हवेत रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड निघून जायला चार-पाच तास लागतात. मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण सव्वा तास.