लिफाफ्यातला लिफाफा

४ जून २०२४. लोकसभेच्या मोजणीत वायव्य मुंबईत नुसत्या मतदान यंत्रांची बेरीज धरली, तर अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. निवडून आले रवींद्र वायकर, ४८ मतांनी. टपालाची मतं वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ पडली होती. बाद टपाली मतं १११, म्हणजे फरकाहून जास्त. अशा वेळी ती पुन्हा तपासावीच लागतात. तशी ती तपासली गेली.

त्याच दिवशी रत्नागिरी-सिंधुदुर्गात नारायण राणे ४७,८५८ मतांनी जिंकले. तिथे टपाली मतांच्या लिफाफ्यांकडे कोण बघणार? रीत मात्र तीच होती.

या लिफाफ्यांच्या वाटा वेगवेगळ्या. पंच्याऐंशी ओलांडलेली आजी किंवा चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेला मतदार १२-ड हा अर्ज भरून घरी मत देऊ शकतो. अधिसूचनेनंतर पाच दिवसांत अर्ज पोचला पाहिजे. मग पथक घरी येतं, सोबत पोलीस आणि चित्रीकरण. एकदा ही सोय घेतली की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. निवडणुकीच्या कामावरचे शिक्षक, तलाठी सुविधा केंद्रात मत देतात. सीमेवरच्या जवानाला मतपत्रिका ऑनलाइन क्षणात मिळते, परतीचा प्रवास मात्र टपालाच्या थैलीतूनच. मोजणी सुरू होण्याच्या ठोक्याआधी ती पोचली नाही, तर लिफाफा उघडलाच जात नाही.

मोजणी सकाळी आठला टपाली मतांनीच सुरू होते. बाहेरच्या मोठ्या लिफाफ्यात दोन गोष्टी असतात: मतदाराचं सही केलेलं घोषणापत्र आणि मतपत्रिकेचा बंद छोटा लिफाफा. आधी घोषणापत्र बघतात. ते नसेल, सही-साक्षांकन अपुरं असेल किंवा त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक छोट्या लिफाफ्यावरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर आतलं मत न बघताच बाद. जवानांच्या लिफाफ्यांवरचे क्यूआर कोडही तपासले जातात.

गुप्ततेची मेख पुढे आहे. योग्य ठरलेली घोषणापत्रं आधी वेगळ्या पाकिटात सीलबंद करतात, त्यानंतरच छोटे लिफाफे फोडतात. नाव एका पाकिटात, मत टेबलावर. दोन उमेदवारांपुढे खूण किंवा मतदार ओळखू येईल असं काही आढळलं, तर तेही मत बाद.

ही सोय कोकणातल्या सगळ्यात मोठ्या गैरहजर वर्गाला मात्र नाही. नाव गावच्या यादीत आणि पोट मुंबईत, अशा चाकरमान्याला टपाली मत मिळत नाही. आखातात नोकरी करणाऱ्यालाही नाही. परदेशी राहून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावरच यावं लागतं. २०२४ मध्ये लोकसभेचं मतदान रत्नागिरी-सिंधुदुर्गात ७ मे रोजी, ऐन आंब्याच्या दिवसांत झालं. विधानसभेचं आलं २० नोव्हेंबरच्या बुधवारी, दिवाळी उरकून मंडळी मुंबईला परतल्यावर.