आय हॅव अ डाऊट, बॉस!

कॉन्फरन्स कॉल सुरू आहे. पलीकडे अमेरिकेतला क्लायंट, इकडे हिंजवडीतली माझी मैत्रीण. त्याने पाठवलेला एक आकडा तिला कळेना, म्हणून तिने अगदी नम्रपणे विचारलं, 'आय हॅव अ डाऊट अबाऊट युअर नंबर्स.' पलीकडे चिडीचूप! हिला फक्त शंका विचारायची होती. त्याला वाटलं, ही आपल्यावर संशय घेतेय. पुढचे दोन आठवडे मॅडम प्रत्येक कॉलवर म्यूट.

व्याकरणाच्या दृष्टीने तिचं वाक्य चोख होतं बरं का! फक्त आपल्या 'शंके'त प्रश्नही मावतो आणि संशयही. त्यांच्या 'डाऊट'मध्ये प्रश्नाला जागा नाही.

आपल्या बऱ्याचशा चुकांखाली असं एखादं मराठी वाक्य दडलेलं असतं. 'काल मेल पाठवलाय' हे मराठीत शंभर टक्के बरोबर. त्याचं 'आय हॅव सेंट इट यस्टरडे' केलं की घोळ, कारण इंग्रजीत 'यस्टरडे' आला की 'हॅव'ने गुपचूप निघून जायचं असतं. 'त्याबद्दल चर्चा करू'चं होतं 'डिस्कस अबाऊट'. अहो, 'डिस्कस'च्या पोटातच तो 'बद्दल' आहे! 'अ' आणि 'द'चं तर विचारूच नका. मराठीत ही भानगडच नाही, त्यामुळे आपण ते एकतर विसरतो, नाहीतर पोह्यांवरच्या कोथिंबिरीसारखे भुरभुरवतो.

पण म्हणून सगळंच खोडायचं? 'प्रीपोन'वर नाक मुरडणाऱ्या बॉसला सांगा, तो शब्द ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे. 'डू द नीडफुल' तर साहेबाच्याच जुन्या पत्रव्यवहारातलं. त्याने ते टाकून दिलं, आपण जपून ठेवलं. आणि 'हॉट हॉट टी'? नियमात बसत नाही, मान्य. पण 'व्हेरी हॉट टी' म्हटल्यावर नुसतं तापमान कळतं, 'हॉट हॉट' म्हटल्यावर जीभ भाजते! मुंबईच्या निसिम इझिकेल यांनी 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही अख्खी कविता आपल्या अशाच इंग्रजीत लिहिली. वाचताना हसू येतं आणि मग लक्षात येतं, अरे, कालच्या सेंड-ऑफला आपणही असंच बोललो होतो.

मैत्रीण आता अनम्यूट झालीय. क्लायंटला 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणते. कॅन्टीनमध्ये मात्र अजूनही 'टू हॉट हॉट चाय' हीच ऑर्डर.