दूरस्थ आचार्य आणि अंतेवासी

तळ्याजवळील कुडे लेण्यांतील एका शिलालेखात प्रव्रजिता पदुमनिका हिने आपल्या अंतेवासिनींसह लेणे व पोढी दान केल्याची नोंद आहे. ‘अंतेवासी’ म्हणजे आचार्याच्या निकट राहणारा शिष्य. आज तळ्यातील विद्यार्थ्यास मुंबईच्या शिक्षकाकडून घरबसल्या पालि शिकता येते. मग ते नैकट्य कसे साधावे? शिक्षकाच्या ध्वनिचित्रफिती हा त्यावरील उपाय मानला जातो. तो कितपत पुरेसा आहे, याचा येथे विचार करू.

विनयपिटकाच्या महावग्गात आचार्याने अंतेवासीला चार प्रकारे साहाय्य करावे असे सांगितले आहे : उद्देस म्हणजे पाठ देणे, परिपुच्छा म्हणजे प्रश्नोत्तरे, ओवाद म्हणजे उपदेश आणि अनुसासनी म्हणजे वेळोवेळी मार्गदर्शन.

यांपैकी पहिले कार्य चित्रफीत उत्तम करते. ‘धम्मं’ या शब्दातील निग्गहीत आपल्याकडे पुष्कळदा ओठ मिटून ‘म्’ असे उच्चारले जाते. एका परंपरेनुसार ओठ न मिटता नासिक्य ध्वनी काढावयाचा असतो. पुस्तकातील नियम वाचून हे उमगत नाही. बोलणाऱ्याचा चेहरा दिसला की लगेच उमगते.

उर्वरित तिन्हींचे काय? सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली भारतात विपश्यनेची शिबिरे सुरू केली. पुढे इगतपुरीच्या धम्मगिरीसह अनेक केंद्रांवर त्यांची सायंकालीन प्रवचने ध्वनिचित्रफितीवर दाखविली जाऊ लागली. २०१३ साली त्यांचे निधन झाल्यावरही हा क्रम सुरू आहे. तथापि तेथे सहायक आचार्य समक्ष असतात. ते साधकांची विचारपूस करतात, शंकांना उत्तरे देतात. प्रवचन फितीवर सोपविले, परिपुच्छा मात्र सोपविली नाही.

पालिच्या दूरस्थ वर्गांनीही हाच विवेक ठेवावा असे आम्हांस वाटते. व्याकरणाचे पाठ एकदा नीट मुद्रित करावेत. मात्र दर आठवड्यास स्वाध्याय तपासून, त्यांतील चुकांवर व विचारलेल्या शंकांवर शिक्षकाने पाच-सात मिनिटांची नवी चित्रफीत करावी. आपली वही कोणी वाचली आहे, हे विद्यार्थ्यास तीतून कळते. ज्याचा स्वाध्याय आला नाही, त्यास दूरध्वनी करावा.

कारण शिष्य आचार्यास पाहतो, एवढ्याने नैकट्य पूर्ण होत नाही. आचार्यानेही शिष्यास पाहावे लागते. मागे पडलेला विद्यार्थी चित्रफितीस दिसत नाही. तो शिक्षकासच दिसला पाहिजे.