दोष दाखविणाऱ्याला अभय हवे

उत्पादन वाढवावयाचे तर नवी यंत्रे आणावी लागतात, अशी आपल्याकडील रूढ समजूत आहे. परंतु आहे तीच यंत्रे आणि आहेत तीच माणसे ठेवून कामाची रीत थोडी थोडी सुधारत नेता येते, हा विचार गेल्या शतकात रुजला आणि त्यातून अनेक पद्धती जन्मास आल्या. त्यांपैकी श्रेष्ठ कोणती, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. वस्तुतः प्रत्येक पद्धत कोणत्या दुखण्यावरचे औषध आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

या विचाराचा पाया वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी घातला. मालातील कोणता फरक स्वाभाविक आणि कोणता बिघाडामुळे आलेला, हे ओळखण्यासाठी त्यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेख सिद्ध केला. १९५० साली एडवर्ड्स डेमिंग यांनी हे शास्त्र जपानी अभियंत्यांना शिकविले. योजना, कृती, तपासणी आणि दुरुस्ती हे चक्र तेथे रूढ झाले. ‘कायझेन’ याच परंपरेतले. प्रत्यक्ष काम करणाऱ्यानेच लहान लहान सुधारणा सुचवाव्यात, हे त्याचे सूत्र. त्यात खर्च अल्प, पण फळ सावकाश.

टोयोटाच्या ताइची ओनो यांनी घडविलेल्या आणि पुढे ‘लीन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पद्धतीचा रोख अपव्ययावर आहे: अनावश्यक साठा, निष्फळ हालचाल, ताटकळणे. मात्र साठा कमी म्हणजे पुरवठा तुटताच काम ठप्प. २०११ च्या भूकंपानंतर खुद्द टोयोटाला हा अनुभव आला. १९८० च्या दशकात मोटोरोला कंपनीत निघालेली ‘सिक्स सिग्मा’ पद्धत दहा लाख संधींमागे ३.४ दोष एवढे कठोर उद्दिष्ट ठेवते. एकच कृती हजारो वेळा होते तेथे ती उपयुक्त. परंतु तीत सुधारणेची सूत्रे संख्याशास्त्र शिकलेल्या तज्ज्ञांच्या हाती जातात. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ च्या ‘द गोल’ या कादंबरीतून मांडलेला सिद्धान्त सांगतो की, काम जेथे तुंबते तेच ठिकाण आधी मोकळे करावे. उत्तरपत्रिका लवकर तपासून झाल्या, पण गुणांची नोंद करणारा कारकून एकच असला, तर परीक्षकांची घाई केवळ त्याच्या टेबलावरील ढीग वाढविते.

पद्धतींतील हे भेद खरे आहेत. तथापि त्यांच्या यशापयशाचा निर्णय वेगळ्याच गोष्टीवर होतो. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी आणि संघर्ष यांमुळे बदनाम झाला होता. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा कामगार बहुतांशी जुनेच होते आणि संघटनाही तीच होती. तरीही थोड्याच काळात तेथील मोटारींचा दर्जा जपानी कारखान्याच्या तोडीस आला.

हे घडले कसे? दोष दिसताच दोरी ओढून मदत मागण्याचा आणि तो दूर होईपर्यंत काम थांबविण्याचा अधिकार तेथे साध्या कामगाराला होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्याच सूचनेने आपली नोकरी जाणार नाही, अशी हमी त्याला करारानेच मिळाली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मागणी घसरली, तेव्हा व्यवस्थापनाने कपात न करता कामगारांना प्रशिक्षणास बसविले. शब्द पाळला गेला, म्हणून सूचना येत राहिल्या. हा कारखाना २०१० साली बंद झाला. भागीदारीतून जनरल मोटर्स बाहेर पडल्यावर टोयोटाने तो एकट्याने चालविला नाही. चांगली पद्धतही बाजाराच्या आणि मालकांच्या निर्णयांपासून संरक्षण देत नाही, हेही यावरून ध्यानात यावे.

आपल्या कार्यालयांत सूचनापेटी असते, कार्यशाळा भरतात, भिंतीवर घोषवाक्ये झळकतात. परंतु चार नोंदवह्यांचे काम एकीत होईल, असे सांगणारा कारकून स्वतःवर जादा काम ओढवून घेतो किंवा आपली जागाच अनावश्यक ठरवितो. मग त्याने मौन पाळले, तर तो आळशी ठरत नाही. तो व्यवहारी ठरतो. अर्थशास्त्राच्या भाषेत, सुधारणेचा लाभ एकाला आणि किंमत दुसऱ्याला, अशी ही वाटणी आहे. ती बदलल्यावाचून कोणतीही पद्धत आणली तरी नवे तक्ते तेवढे भरले जातील. तेव्हा पद्धतीची निवड करण्यापूर्वी प्रत्येक संस्थाचालकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आपल्याकडे दोष दाखविणाऱ्या माणसाचे पुढे काय होते?